प्रतिसाद: ठरलेलं काम आवडणाऱ्यांसाठी फाउंड्री

वर कुणीतरी लिहिलंय की ओतकाम, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यातलं (फाउंड्रीतलं) काम, म्हणजे रोज नवी धावपळ, शांतपणे ठरलेलं काम आवडणाऱ्याने तिकडे फिरकू नये. अर्धंच खरं आहे. भट्टीपाशी आणि दुरुस्तीच्या टोळीत धावपळ असतेच, पण बाकीची फाउंड्री घड्याळावर चालते.

सँड लॅबचंच घ्या, म्हणजे साच्याची वाळू तपासायची प्रयोगशाळा. मिक्सरमधून वाळूचा नमुना आणायचा, ओलावा बघायचा, नळीत ठराविक वजनाची वाळू घालून रॅमरचे (वाळू ठोकून दाबायच्या यंत्राचे) तीनच ठोके द्यायचे, मग पर्मिएबिलिटी (वाळूतून हवा किती जाते ते) आणि स्ट्रेंग्थ (मजबुती) मोजून वहीत नोंद. तासाभराने पुन्हा तेच. ठोका चुकून चौथा पडला तर आकडाच खोटा येतो, त्यामुळे 'आज जरा वेगळं करून बघू' म्हणणारा माणूस इथे नकोच असतो. ओलावा ठरलेल्या मर्यादेच्या वर सरकला की कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) वायूची छिद्रं पडायचा धोका वाढतो.

इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमध्ये मेणाचे नमुने स्लरीत (सिरॅमिकच्या पातळ लगद्यात) बुडवून, वाळू चढवून, वाळवून पुन्हा बुडवणं, असे सहा-आठ थर. डाय कास्टिंगला (धातूच्या साच्यात दाबाने धातू भरायच्या कामाला) तर सायकल सेकंदांत बांधलेली. कोअर शॉपही (भागाच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवणारा विभाग) तसंच.

फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या भागावरचा जादा धातू घासून काढणं, मात्र मी सुचवणार नाही. काम एकसुरी आहे खरं, पण धूळ, आवाज आणि ग्राइंडरची थरथर अंगावर येते.

मुलाखतीत एवढं विचारा: शिफ्ट दर आठवड्याला बदलते का? रुटीन आवडणाऱ्याला कामापेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो.