गायक स्वतःचीच नक्कल केव्हा करू लागतो?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): ज्यांच्या तानेने अंगावर काटा यायचा, ते ज्येष्ठ गायक आता तीच तान प्रत्येक रागात घेऊन टाळ्यांसाठी थांबतात, हे पाहून मन विषण्ण होते. असे का होत असावे?

उत्तर (खानापूर): फर्माईश आपणच करतो, आणि तीही नेहमी त्याच जागेची, म्हणजे गाण्यातल्या त्याच आवडत्या स्वरसमूहाची.

उत्तर (निपाणी): वय हे कारण मला पटत नाही, कारण गायक मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) उतारवयातही अनवट, म्हणजे क्वचितच गायले जाणारे राग ताजेपणाने मांडत. सुळेभावीचे कुमार गंधर्व तर बालपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन गाजले. पुढे देवासला क्षयाने अंथरुणाला खिळले असताना त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि परतले ते स्वतःची निराळी गायकी घेऊन.

उत्तर (चिकोडी): संवादिनीची (हार्मोनियमची) साथ करताना जाणवते, की समेआधीच, म्हणजे तालाची पहिली मात्रा येण्याआधीच गायकाची नजर श्रोत्यांकडे वळली, तर ती तान रागातून आलेली नसते.