सिव्हिल थर्ड इयर: एन्व्हायर्नमेंटल घेऊ की स्ट्रक्चर?

कृष्णाकाठ_21:
नमस्कार मंडळी. इलेक्टिव्हचा (निवडीच्या विषयाचा) फॉर्म सोमवारपर्यंत भरायचाय आणि डोकं चालत नाहीये. वर्गातले जवळपास सगळे स्ट्रक्चरच्या मागे, बाबा म्हणतात बांधकामात पैसा आहे, गटाराच्या पाण्यात काय ठेवलंय. पण मागच्या महिन्यात लॅबला डीओचं (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं) प्रॅक्टिकल झालं, नळाच्या पाण्यात केमिकल घातल्यावर बाटलीत तपकिरी साका बसला आणि कॉलेजमागच्या नाल्याच्या पाण्यात पांढराच राहिला. सर म्हणाले पांढरा म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन शून्य. त्या नाल्यावरून मी तीन वर्षं रोज जातोय, कधी विचारच केला नव्हता. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. काय करू?

टाकीवाला_दादा:
घे की मग. फक्त एन्व्हायर्नमेंटल म्हणजे काँक्रीट सुटलं असं समजू नकोस. 10 हजार वस्तीचं गाव धर, माणशी 135 लिटर, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, म्हणजे रोज जवळपास 11 लाख लिटर. एवढं पाणी शुद्ध करायला घ्यायचं तर टाक्या आल्या, टाक्या आल्या की आयएस 3370, म्हणजे पाण्याच्या काँक्रीट टाक्यांचं भारतीय मानक, आला, तडे किती रुंद चालतील ते आलं. आणि भर पावसात टाकी रिकामी ठेवली तर जमिनीखालचं पाणी ती अख्खी उचलतं, रिकाम्या डब्यासारखी. हे ज्याला कळतं तो प्लँटवर लागतोच. म्हणून आरसीसी (सळईचं काँक्रीट) आणि सॉइल (माती) हे विषय मन लावून कर.

नागपूरची_ताई:
दादांशी सहमत. गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर सिव्हिलच्याच पेपरात एन्व्हायर्नमेंटल आहे, शिवाय 2021 पासून एन्व्हायर्नमेंटलचा वेगळा ईएस पेपरपण आहे, त्यामुळे दार बंद होत नाही. पगाराचं खरं सांगते, माझा पहिला पगार साइटवर गेलेल्या मैत्रिणीपेक्षा कमी होता आणि दोन वर्षं तसंच चाललं, ते बाबांपासून लपवू नकोस. पण ठरवायच्या आधी जवळच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर, एक अख्खा दिवस काढ. तिथला ऑपरेटर एरेशन टँकमधलं, म्हणजे जिथे सांडपाण्यातल्या जिवाणूंना हवा देतात तिथलं, पाणी लिटरच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवतो आणि गाळ किती बसला ते बघतो. गाळ तपकिरी आणि ओल्या मातीच्या वासाचा असला तर जिवाणू खूश, काळा पडून सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडतीये. तो वास घेऊनही तुला तिथे थांबावंसं वाटलं तर डोळे झाकून फॉर्म भर.

कृष्णाकाठ_21:
दादा, ताई, मनापासून थँक्यू. टाकी उचलली जाते हे कुणी सांगितलंच नव्हतं. ताई, प्लँटवर असंच गेलं तर आत सोडतात का?

नागपूरची_ताई:
असंच नको जाऊस, एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीचं पत्र घे. आणि सकाळी लवकर जा, घराघरांतलं पाणी तेव्हाच जोरात येतं. बूट घाल, चप्पल नको.