मदत हवी आहे: ३ महिन्यांच्या बाळाच्या जांघेत गाठ येते-जाते, घरचे थांब म्हणतात

खानापूरची_लेक:
नमस्कार, माझा मुलगा ३ महिन्यांचा आहे, दिवस भरायच्या आधीच झाला त्यामुळं सुरुवातीला पेटीत ठेवलेलं, आता वजन छान धरलंय. मी सध्या माहेरी, जांबोटीच्या पुढं, इकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. तर उजव्या जांघेत बोराएवढा फुगवटा येतोय, मालीश करताना रडायला लागला की टम्म होतो, पाजायला घेतलं की हळूहळू आत जातो, झोपेत तर काहीच दिसत नाही. ताप नाही, उलटी नाही, दूध व्यवस्थित पितोय. गावातल्या डॉक्टरांकडं नेलं तर हा नेमका गाढ झोपलेला, ते म्हणाले परत दिसली तर या. घरात आई म्हणते नणंदेच्या मुलीची बेंबी अशीच फुगायची, नाणं बांधलं आणि वर्षभरात बसली, याला पण बांधू. मालीशवाली मावशी तर तेल लावून दाबून आत घालते, मला बघवत नाही. हर्नियाच असेल का? पाऊस ओसरेपर्यंत थांबलं तर चालेल का? मिस्टर गोव्याला कामाला असतात म्हणून विचारतेय. आणि बेळगावला थेट नेता येतं का आधी खानापूरला दाखवायला लागतं?

कडोलीकर:
ताई काय घाबरू नका, आमच्या पोराला पण होतं, अंडात पाणी होतं म्हणाले, दीड वर्षात आपोआप गेलं की. थांबा बिनधास्त.

वॉर्डातली_सिस्टर:
कडोलीकर दादा, तुमच्या पोराचं हायड्रोसील होतं, ते बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत जातं. ताईंनी लिहिलंय ते वेगळं वाटतंय. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नोकरी केली आहे, डॉक्टर नाही, पण हे रोज बघितलंय.

बाळ पोटात असताना अंड पोटातून खाली पिशवीत उतरतात, त्यांच्याबरोबर पोटाच्या अस्तराची एक नळी खाली येते आणि ती जन्माच्या आसपास बंद व्हायला पाहिजे. बारीक उघडी राहिली तर नुसतं पाणी उतरतं, जास्त उघडी राहिली तर आतडं उतरतं, तो हर्निया. दिवसाआधी झालेल्या मुलांत म्हणूनच जास्त दिसतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त आणि डावीपेक्षा उजवीकडं जास्त. पाण्याची सूज गोल, पिशवीतच राहते आणि एकदम कमी-जास्त होत नाही. रडताना जांघेत येते आणि शांत झाल्यावर जाते म्हणजे हर्निया धरूनच चालायचं. टॉर्च लावून बघा असं कोणी सांगेल, पण एवढ्या लहान बाळाचं आतडं पण उजेडात चमकतं, त्यावर जाऊ नका.

आता बेंबीचं. बेंबीचा हर्निया ४-५ वर्षांपर्यंत बहुतेकांचा स्वतःच मिटतो, नाणं बांधा नाहीतर नका बांधू, नाण्याला उगीच मान मिळतो. जांघेतला कधीच आपोआप बंद होत नाही, त्याला ऑपरेशनच. आणि आतडं अडकायची भीती पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, म्हणून पाऊस ओसरायची वाट बघू नका, या आठवड्यातच दाखवा. नाणं, पट्टा काही बांधू नका, मावशींना सांगा त्या जागेला हातच लावायचा नाही.

रात्री-बेरात्री काय बघायचं ते नीट लक्षात ठेवा: गाठ कडक झाली, बाळ शांत केलं तरी आत जाईना, हात लावला की किंचाळतंय, कातडी लाल-निळी पडली, उलट्या, त्यात हिरवी उलटी, पोट फुगलं, यातलं काही दिसलं की सकाळ उजाडायची वाट बघायची नाही, १०८ ला फोन आणि थेट बेळगाव. वाटेत दूध पाजू नका, भूल द्यायला लागू शकते. घरी जोर लावून दाबू नका.

आणि एक, दोन्ही अंड पिशवीत हाताला लागतात का ते डॉक्टरांना विचारा, न उतरलेलं अंड आणि हर्निया बऱ्याचदा जोडीनं असतात.

आशाताई_संकेश्वर:
अक्का, सगळ्यात आधी फुगवटा आला की मोबाईलवर फोटो काढून ठेवा, शक्यतो उजेडात, दोन्ही जांघा एकत्र येतील असा. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ झोपतंय आणि गाठ गायब, हे आम्ही नेहमी बघालोय. डॉक्टरांना फोटो बघून पुष्कळ कळतं, सोनोग्राफी प्रत्येकाला लागतेच असं नाही.

चिठ्ठीचं म्हणाल तर इमर्जन्सीला कशाचीच वाट बघायची नाही. नाहीतर खानापूरच्या तालुका दवाखान्यातून रेफरल घ्या, बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत आणि त्याला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. चिठ्ठीवर नुसतं हर्निया लिहून पाठवलं तर तिकडं परत पहिल्यापासून विचारत बसतात, म्हणून बाळ कितव्या आठवड्यात जन्मलं, आत्ताचं वजन, कुठली बाजू, गाठ आत जाते का, दोन्ही अंड लागतात का, एवढं लिहून द्या म्हणून सांगायचं, कन्नडमध्ये लिहिलं तरी चालतंय की. तुमच्या अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे लहान मुलांची तपासणी करणारी सरकारी टीम येते, त्यांना पण सांगून ठेवा, मात्र टीम येईपर्यंत थांबू नका.

निपाणीवाला:
महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना पण सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली होती ना २०२३ ला?

आशाताई_संकेश्वर:
केली होती, त्यावरनं दोन सरकारांचं जे चाललंय ते चालू दे, त्याच्या कागदात अडकून बाळाला उशीर नको.

हुक्केरीची_आई:
धाग्यात मध्येच विचारतेय, माझी मुलगी ५ महिन्यांची, जांघेत शेंगदाण्याएवढी गाठ, हलते, दुखत नाही, पण आत जात नाही. मुलींना पण होतं का हे?

वॉर्डातली_सिस्टर:
होतं. मुलींत बऱ्याचदा आतड्याऐवजी अंडाशय उतरलेलं असतं, न दुखणारी छोटी घट्ट गाठ लागते. दाबायची अजिबात नाही, तिथं त्याला पीळ पडू शकतो. दुखत नाही म्हणून लांबवू नका, उद्याच दाखवा.

खानापूरची_लेक:
सिस्टर, अक्का, खूप आभार. सकाळी अंघोळीला रडला तेव्हा फोटो काढला, स्पष्ट आलाय. आईला बेंबीचं वाचून दाखवलं, पटलं तिला, मावशी मात्र रुसल्यात. मिस्टर उद्या येतायत, परवा खानापूर करून बेळगाव. भीती एकच, एवढ्याशा जिवाला भूल द्यायची?

वॉर्डातली_सिस्टर:
भीती वाटणारच. ऑपरेशन छोटं असतं, जांघेच्या घडीत लहानशी चीर, नळी वर बांधून टाकतात, मोठ्यांसारखी जाळी बसवत नाहीत. बाकी मुलं बहुतेक त्याच दिवशी घरी जातात, पण दिवसाआधी झालेल्या बाळांचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो, म्हणून रात्रभर मॉनिटरवर ठेवतात. त्यामुळंच लगेच करायचं की बाळ अजून थोडं वाढू द्यायचं हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. त्यांनी तपासून तारीख पुढची दिली तर ते वेगळं, घरी न दाखवता थांबणं वेगळं. पेटीत ठेवलं होतं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड नक्की न्या, भूलवाले पहिल्यांदा तेच मागतात.

खानापूरची_लेक:
कार्ड सासरी राहिलंय, दिरांना आत्ताच व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला सांगते.