दोन फ्लॅट, मत एकच

बी-५०३: सेक्रेटरी साहेब, रविवारच्या एजीएमआधी खुलासा हवाय. ५०३ आणि ५०४ दोन्ही माझ्या नावावर. मेंटेनन्स दोनदा भरतो, मग मत एकच का?

सेक्रेटरी: कायद्यातच आहे साहेब. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा: एक सभासद, एक मत.

बी-५०३: कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

ए-१०२ काका: विणकरांच्या 😄
गंमत नाही करत. इंग्लंडात मँचेस्टरजवळचं रॉचडेल, १८४० च्या आसपास. आमच्या जीडीसीएच्या (सहकार आणि हिशेबाचा सरकारी डिप्लोमा) पुस्तकात 'रॉशडेल' छापलेलं असायचं. यंत्रमाग आले तशी हातमागवाल्यांची मजुरी घसरत गेली. संप केला, तोही फसला. मग किराणा उधारीवर. वही दुकानदाराकडे, म्हणजे भाव तो लावेल तो आणि माल तो देईल तो. त्या काळी पावाच्या पिठात तुरटी, चहात वापरलेली पानं पुन्हा वाळवून घातलेली. तक्रार करायची सोय नाही, कारण बाकी थकलेली.

सी-२०४ ताई: काही मालक पगारच मालात द्यायचे ना काका? स्वतःच्या दुकानातून?

ए-१०२ काका: हो, ट्रक सिस्टीम. १८३१ ला कायद्याने बंद केली, तरी चोरून चालायची.

ए-३०३: टँकर आला का कोणी सांगेल?

डी-३०१: काका, नेहमी रडकीच बाजू. गिरण्यांमुळे कापड स्वस्त झालं. १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे धावली. ते काहीच नाही?

सी-२०४ ताई: त्या स्वस्त कापडामागे लहान पोरं होती दादा. कापडगिरणीत ९ वर्षांखालच्यांना बंदी आली १८३३ ला. ९ ते १३ च्या मुलांना दिवसाला ९ तास काम, आणि ही म्हणे सुधारणा! तपासायला अख्ख्या देशात इन्स्पेक्टर ४.

सी-४०१: मँचेस्टरचे मजूर १७ व्या वर्षी मरायचे असं वाचलंय.

सी-२०४ ताई: तसं नाही हो. चॅडविक या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८४२ च्या अहवालात मजूर कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय १७ आहे. तान्ही मुलं फार जायची, म्हणून आकडा एवढा खाली. खेडवळ रटलंडमध्ये तेच ३८. मजुरीसाठी शहरात यायचं आणि तळघरात, गटाराशेजारी राहायचं.

डी-३०१: पण पुढे मजुरी वाढलीच की.

सी-२०४ ताई: वाढली ना. ठळकपणे १८४० नंतर. ज्याचा हातमाग त्याआधीच बंद पडला, त्याच्या ताटात काय आलं?

ए-१०२ काका: माझं अर्धंच राहिलं. तर २८ जणांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत माणशी एक पाउंड जमवला. २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेनवर दुकान उघडलं. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. बाहेर पोरं टिंगल करायला उभी. नियम कडक: माल शुद्ध, वजन चोख, उधारी बंद.
आणि बी-५०३ साहेब, हे तुमच्यासाठी. गिरणीत ज्याचं भांडवल त्याचाच शब्द, हे त्यांनी रोज सोसलेलं. म्हणून दुकानात शेअर कितीही घ्या, मत एकच. भांडवलावर ठरावीक व्याज, उरलेला नफा ज्याची जेवढी खरेदी त्या प्रमाणात. १८६० पर्यंत सभासद तीन हजारांवर गेले. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा आला १९०४ ला, शेतकऱ्यांच्या पतपेढ्यांसाठी. तिथून फिरत फिरत आपल्या लिफ्टच्या भांडणापर्यंत 🙏

बी-५०३: म्हणजे मी गिरणीमालक?

ए-१०२ काका: छे हो, गिऱ्हाईक. खरेदी जास्त आहे इतकंच.

बी-५०३: मग खरेदीवरचा लाभांश कुठाय माझा? निदान दुसऱ्या फ्लॅटचा सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीची वर्गणी) तरी कमी करा.

सेक्रेटरी: तो होणार नाही. रविवार, सकाळी १०, टेरेसवर. कोरम भरला नाही तर अर्धा तास उन्हात थांबावं लागेल.

ए-३०३: टँकर??