बालगृहात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून जायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न (नवीन डॉक्टर, कोल्हापूर): एमडी करून गावी परत आलेय. इथल्या एका बालगृहाने आठवड्यातून एकदा यायला सांगितलंय. आजवर पाहिलेल्या मुलांसोबत आई नाहीतर बाप असायचा. इथे हिस्ट्री, म्हणजे मुलाची आधीची माहिती, सांगायला कुणीच नाही. पहिल्याच भेटीत अकरा वर्षांच्या एका मुलासाठी 'शांत राहायची गोळी' मागितली गेली. काय करू?

उत्तर १ (जुना डॉक्टर, राजारामपुरी): ताई, गोळी इतक्यात लिहू नका. आधी रात्रपाळीच्या काळजीवाहक मावशींना भेटा, हिस्ट्री त्यांच्याकडेच असते. पोरगं झोपेतून दचकून उठतं का, चपाती उशाखाली लपवतं का, मागून कुणी आलं की अंगावर धावतं का? मार खाल्लेलं मूल सतत सावध असतं, त्यामुळे त्याचं लक्ष टिकत नाही आणि ते एडीएचडीसारखंच (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा हा विकार) दिसतं. पण एडीएचडी एकाच ठिकाणी दिसत नाही. वर्गात नीट बसणारं मूल झोपायच्या खोलीतच बिथरत असेल, तर त्या खोलीत काय घडतं ते शोधा. रिस्पेरिडोन या मानसविकारांवरच्या गोळीनं मूल गप्प होतं, वजन वाढतं आणि विचारायचं तेच राहून जातं. याचा मला फार राग येतो.

आपल्याकडे ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतली मुलंही भेटतील. हंगामात शाळा सुटते, मूल मागे पडतं आणि 'मतिमंद' ठरतं. बुद्ध्यांक काढण्याआधी ते वर्गात किती बसलंय ते विचारा.

उत्तर २ (समुपदेशक, इचलकरंजी): 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे मुलाला बोलण्याआधीच सांगा, त्याने सगळं सांगून टाकल्यावर नको.

प्रश्नकर्ती: आणि मुलाला रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर?

उत्तर १: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ८७ वाचा. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यात एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मोठ्यांपासून वेगळी जागा, ७२ तासांत त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणं. शिवाय दाखल असेपर्यंत मुलाजवळ कुणीतरी राहायला हवं. बालगृहाची माणसं इथेच कमी पडतात, म्हणून कोण राहणार ते अधीक्षकांशी आजच ठरवा, आणि बालकल्याण समितीलाही लेखी कळवून ठेवा.