सुचेनासं झालं होतं, मग? वही आणि एकट्याची भटकंती

वहीवाली

एकेकाळी चित्रं काढायचो, लिहायचो, गायचो, काहीतरी बनवायचो, मग ते कधी बंद पडलं ते कळलंही नाही, असं सांगणारे बरेच जण भेटतात. त्यातल्या काहींचं परत सुरू झालंय. खोदून विचारलं की बहुतेक वेळा दोन गोष्टी निघतात: एक वही, आणि एकट्याने भटकणं. हा धागा त्यासाठी.

थोडी पार्श्वभूमी. ज्युलिया कॅमेरॉन यांच्या 'द आर्टिस्ट्स वे' (१९९२) या पुस्तकात बारा आठवड्यांचा एक क्रम आहे. रोज उठल्या उठल्या हाताने तीन पानं लिहायची, मनात येईल ते, कोणालाही न दाखवता. आणि आठवड्यातून एकदा साधारण दोन तास एकट्याने बाहेर पडायचं, कामासाठी नाही, गंमत म्हणून. पहिले आठेक आठवडे ती पानं स्वतःसुद्धा परत वाचायची नाहीत. कल्पना अगदीच नवी नव्हती म्हणा. १९३४ मध्येच डोरोथिया ब्रँड यांनी होतकरू लेखकांना सांगून ठेवलं होतं की नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर उठा आणि कोणाशी बोलायच्या, काही वाचायच्या आत लिहायला बसा.

पुस्तक वाचलेलं नसलं तरी चालेल. तुम्ही काय करता, कुठे अडलं, काय सोडून दिलं, काय टिकलं ते लिहा. 'खूप प्रेरणादायी' छापाचे प्रतिसाद नकोत. ज्यांना जमलं नाही त्यांनी तर आवर्जून लिहा.

शाईचा डाग

मी तैलरंगात काम करायचे. मग नोकरी, मुलं, आईचं आजारपण. नेहमीचीच यादी, ती इथे उगाळत नाही.

या पानांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे ती भयंकर कंटाळवाणी असतात. पहिलं पान म्हणजे शुद्ध रड: झोप झाली नाही, अमक्याला फोन करायचा राहिला, पाठ धरलीय, हे लिहून काय होणार. दुसऱ्या पानाच्या मध्यावर हात भरून येतो, अक्षर फताडं व्हायला लागतं आणि तक्रारींचा साठा संपतो. तक्रारी संपल्या तरी पानं उरलेलीच असतात. मग काहीतरी लिहायलाच हवं म्हणून जे खरडलं जातं, ते आपण ठरवून कधीच लिहिलं नसतं. तीन पानांचा हट्ट आहे तो यासाठी, असं माझं मत. एका पानावर थांबलं तर वहीत नुसती रडच उतरते.

माझ्या वहीत 'कपाट आवरायचंय' हे सारखं यायचं. रोज लिहीत होते आणि कपाटाला हात लावत नव्हते. एका सकाळी तिसऱ्या पानावर, अगदी खाली, लिहिलं गेलं: 'वरच्या कप्प्यात रंग आहेत आणि ते वाळून गेले असतील तर मला ते बघायचं नाहीये.' पेन ठेवलं आणि स्टूल ओढलं.

पांढऱ्याचा दगड झाला होता. पिवळ्याची ट्यूब फुटून डब्याला चिकटलेली. निळ्याचं टोपण हलेना. ते गरम पाण्यात धरून ठेवलं, फडक्यात पकडून पिळलं, तेव्हा कुठे सुटलं. तोंडाशी धरलेला पापुद्रा सुईने फोडला तर आत रंग मऊसूत, कालच घेतला असावा असा. त्या दिवशी चित्र वगैरे काही काढलं नाही. एका पुठ्ठ्यावर निळा पसरत बसले, जाड, पातळ, बोटाने, कापडाने. ऑफिसात दिवसभर नखांत निळं होतं आणि मीटिंगमध्ये मी तेच बघत होते.

हल्ली काढते. कोणाला दाखवण्यासारखं काही नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

खिडकीतला

सकाळचाच हट्ट का? घरात तान्हं बाळ असलेल्या माणसाने 'उठल्या उठल्या' म्हणजे नक्की कधी ते सांगा. मी रात्री लिहितो, ते झोपलं की. रात्रीची पानं दिवसभराचा हिशेब होतात हे मान्य. पण हिशेब कागदावर गेला की हात गिटारकडे जातो, पूर्वी मोबाइलकडे जायचा.

गोगलगाय

वही मला लगेच जमली. एकटीने बाहेर पडणं जमायला फार वेळ लागला, आणि अवघड भाग तोच आहे असं मला वाटतं. पानं लिहिणं निदान काम तरी वाटतं. पण विनाकारण, एकटीने, मजेसाठी दोन तास? 'कुठे चाललीस?' याला उत्तर नसतं. हातात पिशवी नाही, कोणाला भेटायचं नाही, मग आपण इथे उभ्या तरी का आहोत, हे आधी स्वतःलाच पटवावं लागतं. सुरुवातीला मी फोन कानाला लावून उभी राहायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की कोणाची तरी वाट बघतेय.

मोकळा वेळ मला झेपत नाही, म्हणून मग नियम केले. संग्रहालयात गेले तर एकच दालन. दालनात एकच वस्तू. फोटो काढायचा नाही, कारण फोटो काढला की माझं बघणं संपतं. त्याऐवजी वहीत तिचं चित्र काढायचं, मला चित्र येत नसलं तरी. चित्र न येण्याचा मोठा फायदा म्हणजे चुकत चुकत खूप वेळ बघावं लागतं. एकदा मातीच्या एका जुन्या सुरईपाशी बसले होते. कानाच्या वळणावर माझी रेघ सारखी अडायची. म्हणून वाकून पाहिलं, तर जोडाच्या जागी कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा. दाबून बसवलेला, जरा तिरका. गडी घाईत होता की तो नेहमीच असा दाबायचा, याचा विचार करत घरी आले.

त्या दिवशी कविता सुचली असं म्हणायला मला आवडलं असतं. नाही सुचली. नंतर केव्हातरी आली, आणि तिच्यात सुरई नव्हतीच. शिवणयंत्रावरचा आजीचा अंगठा होता.

संग्रहालयच पाहिजे असं काही नाही. लाकडाची वखार, रोपवाटिका, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं टेबल, रेल्वेचा फलाट, काहीही चालतं. जिथून आपल्याला काही घ्यायचं नाही अशी जागा हवी, बस.

तिरपागडा

बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत. घरी आजारी माणूस आहे, यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. खिडकी मात्र मिळते.

बीजगणित

मी चित्रकार नाही, कवी नाही, प्रोग्रॅम लिहितो. सर्जनशीलता म्हटली की सगळे रंगांवर आणि गाण्यांवर जातात, म्हणून मुद्दाम घुसतोय.

आँरी प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली एक गोष्ट आहे. भूशास्त्राच्या सहलीला गेला होता, गणित डोक्यातून पार गेलेलं. बसच्या (म्हणजे तेव्हाच्या घोड्यांच्या) पायरीवर पाय ठेवला आणि अडलेल्या प्रश्नाची किल्ली एकदम हाती आली. लोक गोष्ट इथे संपवतात आणि टाळ्या घेतात. पण त्या सगळ्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो पंधरा दिवस रोज तास-दोन तास टेबलाशी डोकं फोडत बसला होता, हेही त्यानेच लिहिलंय. ते कोणी सांगत नाही. पुढे १९२६ मध्ये ग्रॅहम वॉलस यांनी असल्या अनुभवांवरून चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उजेड पडणं आणि पडताळणी. भटकंती कामाला येते ती दुसऱ्या टप्प्यात. पहिलाच टप्पा झाला नसेल तर मुरायला आत काहीच नसतं, नुसता पायांना व्यायाम.

चालण्याबद्दल मात्र चांगला पुरावा आहे. स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांचे प्रयोग २०१४ मध्ये छापून आले. नेहमीच्या वस्तूचे वेगळे उपयोग सुचवा, अशा कामात चालणारे लोक बसलेल्यांपेक्षा बरेच पुढे होते. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी हाच परिणाम, म्हणजे निसर्गरम्य वगैरे असण्याचीही गरज नाही. चालून आल्यावर खाली बसलं तरी काही वेळ तो टिकत होता. पण ज्या कोड्यांचं उत्तर एकच असतं, त्यात चालण्याचा फायदा दिसला नाही.

माझ्या कामाशी हे तंतोतंत जुळतं. बग शोधायचा तर खुर्चीत बसूनच. रचना सुचत नसेल तर सकाळच्या पानाच्या तळाशी प्रश्न एका ओळीत लिहितो, वही घरी ठेवतो आणि बाहेर पडतो. कानात काहीही न घालता. पॉडकास्ट ऐकत चालणाऱ्यांनी कृपया याला एकट्याची भटकंती म्हणू नये, तुमच्या डोक्यात दोन माणसं बडबडत असतात.

गोगलगाय

बीजगणित, शेवटच्या वाक्याशी सहमत, 'नुसता व्यायाम'शी नाही. माझी तयारी कसलीच नव्हती. ती सुरई हीच तयारी झाली.

उलटी गंगा

सगळं गोडगोड चाललंय, जरा मोडता घालते. मला वहीने त्रास झाला.

बहिणीशी एक जुनं भांडण होतं. ते रोज पानांवर यायचं, आणि लिहायचा हात बरा असल्यामुळे रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त धारदार यायचं. निचरा बिचरा काही होत नव्हता, राग छान घोटला जात होता. वही भरत गेली आणि तिच्याशी बोलणं बंद झालं ते झालंच.

'लिहिल्याने मन मोकळं होतं हे संशोधनाने सिद्ध झालंय' असं तोंडावर फेकणाऱ्यांसाठी: जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा तो प्रसिद्ध प्रयोग मी नीट वाचला. विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगांवर रोज १५ मिनिटं लिहिलं, सलग चार दिवस. चार दिवस, जन्मभर नव्हे. त्यातल्या ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, हे खरं. पण लिहून उठताना त्यांना हलकं वाटत नव्हतं, उलट जडच वाटत होतं. आणि त्या प्रयोगाचा चित्र काढण्याशी किंवा कविता सुचण्याशी काडीचा संबंध नाही.

समुपदेशकाकडे जाऊ लागल्यावर भांडणाला वेगळी जागा मिळाली आणि वही सुटी झाली. आता वहीत 'मला वाटतं'ला बंदी आहे. कालच्या दिवसात जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं तेवढंच लिहायचं. 'लिफ्टमधल्या मुलीच्या दप्तराची चेन उघडी होती आणि आतून पट्टी बाहेर आली होती' असलं. यातून कथा होतात, आणि भांडणातून एकही झाली नव्हती. एकट्याने फिरणं मात्र मी एकदाही सोडलं नाही, त्याचा त्रास कधीच झाला नाही.

वहीवाली

उलटी गंगा, यासाठीच न जमलेल्यांना आवर्जून बोलावलं होतं. माझंही निरीक्षण असं की नुसती वही धरून बसणारे गोल गोल फिरत राहतात. बाहेरून आत काही येतच नसेल तर रोज तीन पानं आणायची कुठून? तेच तेच येणार. ज्यांचं परत सुरू झालं ते बहुतेक सगळे घराबाहेर पडणारे आहेत. वहीचं तितकं खात्रीने सांगता येत नाही. (हे धागा काढताना मला म्हणायचं नव्हतं. आयडी बदलावा का?)

सुटे कागद

वही कोणीतरी वाचेल या भीतीने पहिलं वाक्यही खरं लिहिता येत नाही, अशी घरं असतात. माझं आहे. म्हणून पाठकोरे कागद वापरते. लिहायचं, फाडायचं, ओलं करून कचऱ्यात. लिहिताना कागद टिकणार नाही हे माहीत असलं की अक्षर आणि भाषा दोन्ही सुटतात. कॅमेरॉनबाई वाचू नका म्हणतात, मला तर वाचायची सोयच नाही. आणि तरीही बंद पडलेलं भरतकाम या वर्षी परत फ्रेमवर चढलंय.

मागचं पान

मी उलट: सगळ्या वह्या ठेवल्या आणि बऱ्याच काळाने दोन रंगीत पेन्सिली घेऊन वाचायला बसलो. तक्रार परत परत आली की लाल, कशाची तरी ओढ आली की हिरवी. लाल तर बरबटलंच, त्यात नवल नाही. हिरव्यात 'रंधा' हा शब्द इतक्या वेळा निघाला की मीच चकित झालो. वडिलांचा होता. मी तो स्वप्नात पाहिल्याचं, दुकानाच्या काचेत पाहिल्याचं, कोणाच्या तरी हातात पाहिल्याचं लिहून ठेवलं होतं आणि दर वेळी तसंच पुढे गेलो होतो.

मग एकट्याने फिरण्याची जागा ठरली: सुताराचा कारखाना. आधी दारात उभा राहायचो. कारागीर काही बोलले नाहीत. मग त्यांच्यातल्या एकाने टाकाऊ फळी पुढे केली आणि भुसा झाडायला जागा दाखवली. लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने रंधा मारला की लाकूड उचकटतं, सुलट मारला की लांब, पातळ ढलपी निघते आणि तिचा आवाजच वेगळा असतो, हे मला वयाच्या साठीत कळलं.

सध्या एक स्टूल करतोय. तीन पाय नीट बसलेत, चौथ्याची खाच सैल झालीय. पाचर ठोकली तरी डुगडुगतो आणि सरस भरून बुजवायचं मनाला येत नाही. इथे कोणी सुतारकाम करणारं असेल तर सांगा, खाच नव्याने पाडू की पायच बदलू?