बाबांना कोलंबियावर गरवायला न्यायचंय, जून की सप्टेंबर? (पोर्टलंड एरिया)

हिल्सबरोचा_मालवणी:
नमस्कार मंडळी. आम्ही हिल्सबरोला राहतो, सहा वर्षं झाली पण मी स्वतः इथे एकदाही गळ टाकलेला नाही, तर विचारतोय. पुढच्या वर्षी आईबाबा पहिल्यांदाच येतायत आणि बाबांचं एकच मागणं आहे, तुझी ती कोलंबी नदी दाखव (कोलंबिया सांगून थकलो, ते कोलंबीच म्हणतात). बाबा ६८ वर्षांचे, जन्म खाडीच्या काठावर गेला, अजून संध्याकाळी गरी घेऊन जेटीवर बसतात, पाग पण टाकायचे आता खांदा दुखतो म्हणून सोडलंय. त्यांना गाइड घेऊन बोटीतून एक दिवस सॅमनला न्यावं असं मनात आहे. आई मासे खात नाही, तिला धबधबे आणि डोंगर बघायचेत आणि बोट लागते. तिकिटं अजून काढली नाहीत, जूनला बोलवू की सप्टेंबरला? खर्च साधारण किती, लायसन्सचं काय, आणि आईला बोटीत घ्यावं का? कोणी केलं असेल तर नीट सांगा, वेबसाइटवर सगळेच हातात मासा धरून हसतायत त्यातून काही कळत नाही.

गोर्जवाला:
सप्टेंबर. डोळे मिटून सप्टेंबर. फॉल शिनूकचा रन, म्हणजे समुद्रातून नदीत चढण, तेव्हा भरात असतो (शिनूक ही सॅमनची जात, चिनूक लिहितात तेच, हेलिकॉप्टरवालं नाव, इथले लोक शिनूक नाहीतर किंग म्हणतात). ऑगस्टमध्ये मासा मुखाशी असतो, अ‍ॅस्टोरियाला, तिथल्या भागाला बॉय टेन म्हणतात (तिथल्या दहा नंबरच्या तरंगत्या खुणेवरून), पण तिथे शेकडो बोटी एकमेकींना खेटून आणि पाणी समुद्राचं, पुढे कोलंबियाचा बार, म्हणजे मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा, जहाजांचं स्मशान म्हणून प्रसिद्ध. बोट लागणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नका. त्यापेक्षा सप्टेंबरमध्ये बॉनव्हिल धरणाच्या खालचा पट्टा घ्या. पाणी शांत असतं सकाळी, आणि बोटीतूनच एका बाजूला ८४८ फुटांचा बीकन रॉक अन् दुसऱ्या बाजूला कडे आणि धबधबे, म्हणजे आईंचं पण काम झालं.

बाबांना एक गंमत सांगा, भरती-ओहोटी तिथपर्यंत जाणवते. समुद्रापासून जवळजवळ १४५ मैल आत! लुईस आणि क्लार्क १८०५ मध्ये खाली उतरत आले तेव्हा बीकन रॉकपाशीच त्यांना भरतीचं पाणी पहिल्यांदा कळलं. खाडीवरच्या माणसाला हे लगेच पटेल.

खर्च : आम्ही माणशी अडीचशे डॉलर दिले होते, टिप वेगळी, १५-२० टक्के धरून चला. रॉड, आमिष सगळं गाइडचं. लायसन्स आपलं आपण, ऑनलाइन एका दिवसाचं निघतं. नदी दोन राज्यांच्या हद्दीवर आहे म्हणून बोटीतून गरवताना ओरेगॉन किंवा वॉशिंग्टन कुठलंही एक चालतं. पहाटे पाचला बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवर हजर राहायला सांगतात, कुरकुर करू नका, दुपारनंतर गोर्जमध्ये, म्हणजे नदीच्या या डोंगरातल्या घळीत, पश्चिमेचा वारा असा सुटतो की हूड रिव्हरला लोक त्याच वाऱ्यावर विंडसर्फिंग करतात.

बीव्हरटनची_सुगरण:
आईंबद्दल मी सांगते कारण पुरुष मंडळी हे सांगणार नाहीत. बऱ्याच गाइडच्या बोटी उघड्या असतात आणि टॉयलेट नसतं. सात-आठ तास. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो आणि गाइडने शांतपणे एक बादली दाखवली, त्यापुढचं लिहीत नाही. बुकिंगच्या आधी फोन करून विचारा, टॉयलेट आहे का, हीटर आहे का, छप्पर आहे का. किंवा सरळ बाबा-मुलगा बोटीत आणि आई तुमच्या मिसेसबरोबर जुन्या हायवेने, व्हिस्टा हाउसला (कड्यावरून नदी बघायची जागा) थांबून मल्टनोमा धबधबा, ६२० फूट आहे आणि मधल्या पुलावर उभं राहिलं की तुषार अंगावर येतात. उन्हाळ्यात गेलात तर फ्रीवेकडच्या पार्किंगला टाइम स्लॉटचं परमिट लागतं का ते आधी बघा, आम्ही तसेच गेलो आणि परत फिरलो. सप्टेंबरचा एक धोका म्हणजे धूर. २०१७ ला ईगल क्रीकची आग सप्टेंबरमध्येच लागली होती, अख्खा गोर्ज आठवडेच्या आठवडे धुरात होता. दरवर्षी नसतं पण एखादा दिवस हाताशी राखून ठेवा.

शॅडवाला_काका:
सगळे सप्टेंबर सप्टेंबर करतायत, मी जूनच्या बाजूने. जूनमध्ये शॅड चढतो, लाखोंनी. बॉनव्हिलच्या खाली काठावर खुर्ची टाकून बसायचं, गाइड नको बोट नको, बादली भरून न्या कारण शॅडला संख्येची मर्यादाच नाही. मूळचा इकडचा मासाच नाही तो, पूर्व किनाऱ्यावरचा, १८७१ मध्ये कॅलिफोर्नियात आणून सोडला तो वर पसरत इथवर आला. गोरे लोक काट्यांमुळे खात नाहीत, क्रॅबला आमिष म्हणून वापरतात. अहो पण हा हिल्साचा भाऊबंद! चवीला तसाच तेलकट, काटे पण तसेच, आणि मादीच्या पोटात गाबोळी. आमचे बंगाली शेजारी जूनची वाट बघत असतात. कोकणातल्या माणसाला काट्यांचं कसलं भय. अडीचशे डॉलरमध्ये तुमची सगळी सुट्टी होईल.

गोर्जवाला:
काका बरोबर आहे पण त्यांना सॅमन हवाय ना. आणि काठावर ६८ वर्षांच्या माणसाला दगडांवर उभं करणार का.

शॅडवाला_काका:
मी ७१ चा आहे.

रॉडरील_पुणेकर:
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगितली नाही. बाबांना आत्ताच सांगून ठेवा की पकडलेला प्रत्येक मासा घरी येत नाही. सॅमन आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परत येणारा ट्राउट) यांच्या पाठीवर शेपटीच्या थोडं अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, अ‍ॅडिपोज फिन. हॅचरीत, म्हणजे मासे पैदास केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून सोडतात. स्टीलहेडला पर शाबूत असला तर तो जंगली, सोडायचा म्हणजे सोडायचा, आणि सोडायचा मासा पूर्ण पाण्याबाहेर पण काढता येत नाही, फोटो हवा तर पाण्यातच. शिनूकचे नियम तारखेप्रमाणे आणि पट्ट्याप्रमाणे बदलतात, सीझनच्या मध्येच बंद पण करतात, म्हणून जायच्या आदल्या रात्री राज्याच्या साइटवर बघा. ठेवलेला मासा लगेच टॅगवर, म्हणजे लायसन्सच्या नोंदपत्रावर, नोंदवायचा.

माझे सासरे आले होते, त्यांनी जंगली स्टीलहेड ओढून आणला आणि गाइडने जाळ्यातच गळ काढून सोडून दिला. सासरे दोन तास बोलले नाहीत. त्यांना वाटलं गाइड आपल्याला हसतोय.

मासा किती आहे ते कळायला धरणाचे आकडे बघत जा. बॉनव्हिल १९३८ चं, माशांना चढायला पायऱ्यापायऱ्यांचा जिना आहे, काचेमागे माणूस बसून प्रत्येक जातीचे मासे मोजतो आणि रोजचा आकडा ऑनलाइन टाकतात. इथले सगळे गरवणारे शेअर बाजारासारखे ते बघतात. आईंना ती काच दाखवाच, फुकट आहे. शेजारी हॅचरीच्या तळ्यात हर्मन नावाचा स्टर्जन मासा आहे, दहा फुटांहून मोठा.

हिल्सबरोचा_मालवणी:
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. बाबांना फोनवर सोडून देण्याचं सांगितलं. उत्तर आलं, "धरून परत सोडूचो तर धरूचो कित्याक?" मी गप्प. आणि स्टर्जनचं काय, तो पण गाइड दाखवतात ना? ठेवता येतो का?

रॉडरील_पुणेकर:
त्या पट्ट्यात स्टर्जन फक्त धरून सोडायचा, आणि मे ते ऑगस्ट अंडी घालायचा काळ म्हणून धरणाखाली काही मैल तर गळ टाकायलाच बंदी. शंभर वर्षं जगणारा मासा आहे, उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा, मादीला अंडी धरायलाच वीसेक वर्षं लागतात. बिनकाट्याचा, म्हणजे बार्ब नसलेला एकच गळ वापरायचा. पहिल्या दिवशी नको, बाबांचं दोनदा डोकं फिरेल.

बीव्हरटनची_सुगरण:
अजून एक, गाबोळी! सॅमनची गाबोळी गाइड स्वतःसाठी ठेवून घेतात, मीठ लावून आमिष करतात, आणि डोकं फेकून देतात. आधीच सांगा की डोकं आणि गाबोळी दोन्ही आम्हाला हवंय. आम्ही सांगितलं नव्हतं, घरी फक्त दोन पांढऱ्या पिशव्यांत फिले आले. आणि काहीच नाही लागलं तर कॅसकेड लॉक्सला ब्रिज ऑफ द गॉड्सच्या खाली इथले मूळनिवासी आइसबॉक्समधून ताजा सॅमन विकतात, रोख पैसे ठेवा. १८५५ च्या करारांनी मासेमारीचा हक्क राखलेल्या जमाती आहेत त्या, नदीवर लाकडी मचाणं दिसतात ती त्यांचीच. वरच्या अंगाला सेलिलो नावाचा मोठा धबधबा होता, हजारो वर्षं लोक तिथे दांड्याच्या जाळ्याने मासे धरायचे. १९५७ मध्ये द डॅल्स धरणाचं पाणी चढलं आणि काही तासांत बुडाला. बाबांना हे सांगा, त्यांना मचाणावरचा माणूस जास्त आवडेल गाइडपेक्षा.

हिल्सबरोचा_मालवणी:
(अपडेट) वर्षभराने लिहितोय, धागा वर काढल्याबद्दल माफी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन आलो. आई आली नाही, ती आणि बायको धबधब्यावर. पहाटे अंधारात बोट पाण्यात, फ्लॅशर (चमकणारी पट्टी) आणि मागे स्पिनर (फिरणारं नकली आमिष) लावून गाइड बोट हळूहळू फिरवत होता, बाबांना ते आवडलं नाही, म्हणे हा तर नुसता बोटीचा फेरफटका, गरवणाऱ्याने हातात दोर धरला पाहिजे. सव्वासातला त्यांचा रॉड वाकला. गाइड ओरडत होता थांबा, ओढू नका, आणि बाबा त्याच्याकडे न बघता आपल्याच लयीत ढील देत होते, पंधरा मिनिटं. स्टीलहेड, पर शाबूत. गाइड माझ्याकडे बघायला लागला की आता यांना कसं सांगायचं, तर बाबाच वाकले, पाठीवरचा तो पर बघितला, आणि मला म्हणाले, "ह्येचो कापलेलो नाय. सोड म्हणान सांग त्येका."

नंतर एक शिनूक मिळाला, साधारण अठरा पौंड, तो ठेवला. गाबोळीवरून थोडी बाचाबाची झाली, शेवटी अर्धी अर्धी. डोक्याचं कालवण बाबांनी स्वतः केलं, सोबत आणलेल्या तिरफळांतलं. शेवटच्या दिवशी काचेपुढे तासभर उभे होते, मोजणारा माणूस चुकतोय असं त्यांचं मत आहे.

आता ते परत मालवणात. रोज सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅप येतो, काल बॉनव्हिलवरून किती चढले.

शॅडवाला काका, पुढच्या जूनला तुमच्या दगडांचा पत्ता द्या.